मामाजींच्या मनगटाला दोरा

भिलाईबद्दल लिहायला बसलेला माणूस भट्टीपासून सुरुवात करतो. पहिलं लोखंड कसं वाहिलं, रशियन साहेब उन्हात कसे लालबुंद व्हायचे, मुरमाच्या माळावर एकामागून एक सेक्टर कसे उभे राहिले. हे सगळं मीही पाहिलं आहे, पण ते माझ्याहून चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. माझी हकीकत वेगळी आहे. भिलाईतल्या रुआबांधा वस्तीच्या मागच्या पडीत वावरात मी माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही मनगटांना शिवणाचा दोरा बांधला आणि त्यांना एका म्हशीच्या दिशेनं चालवलं, त्याची ही हकीकत आहे. सुट्टीवर आलेल्या फौजीचं डोकं फिरलं, असं तेव्हा अर्ध्या वस्तीचं मत झालं होतं. खरं कारण सांगायची मला परवानगी नव्हती. आता ते हत्यार कधीच मोडीत निघालं आणि मला जाब विचारणारे साहेबही गेले, म्हणून सांगतो.

आधी हत्यार काय होतं ते सांगायला हवं. रणगाडा फोडायचं क्षेपणास्त्र म्हटलं की लोकांना वाटतं, बटण दाबलं की काम झालं. आमच्या वेळचं तसं नव्हतं. परदेशातून आलेलं ते अस्त्र एका पेटीत मावायचं. चार पंख लावलेला मोठा दुधी भोपळा डोळ्यांसमोर आणा, साधारण तसं. त्याच्या पोटात दोन बारीक तारांची रिळं असायची. अस्त्र सुटलं की तार मागं उलगडत जायची आणि तिचं दुसरं टोक माझ्या हातातल्या डब्यात असायचं. डब्यावर अंगठ्याएवढी दांडी. दांडी डावीकडे केली की अस्त्र डावीकडे, उजवीकडे केली की उजवीकडे, तसंच वर आणि खाली. अस्त्राच्या शेपटीला लाल जाळ असतो. दुर्बिणीतून तो जाळ पाहायचा आणि रणगाड्यावर नेऊन ठेवायचा, एवढंच काम.

एवढंच काम, पण ते वीसेक सेकंद पुरायचं, आणि वीस सेकंद किती मोठे असतात ते ज्यानं दांडी धरली त्यालाच कळतं. बंदुकीची गोळी सुटली की माणूस मोकळा होतो. इथं अस्त्र सुटल्यावर माणूस अडकतो. शत्रूच्या रणगाड्याला तुमचा धूर दिसलेला असतो, तो तुमच्यावर गोळ्या झाडत असतो, आणि तुम्हाला मान खाली घालता येत नाही, कारण मान खाली गेली की अस्त्र पोरकं झालं. म्हणून आम्ही अस्त्र एकीकडे ठेवायचो आणि डबा घेऊन चांगलं लांब, बाजूला खड्ड्यात बसायचो. शत्रूनं धुराला झोडपावं, आम्हाला नाही. रणगाडा फार जवळ आला तर हे अस्त्र कुचकामी, कारण सुटल्यावर ते हातात यायलाच थोडं अंतर खातं. मधे झाड नको, विजेच्या तारा तर मुळीच नकोत. थोडक्यात, शत्रूनं मोकळ्या मैदानातून, बेताच्या अंतरावरून, शहाण्यासारखं यावं अशी या हत्याराची अपेक्षा असायची.

लोक हमखास विचारतात की मी किती रणगाडे फोडले. एकही नाही. एकाहत्तरच्या लढाईत आमची तुकडी एका कालव्याच्या काठी उसाजवळ डबे घेऊन बसली होती. रणगाडे दुसऱ्या बाजूनं गेले. आमच्यासमोर फक्त एक चुकलेलं गाढव आलं. इतकी वर्षं कमावलेला हात वापरायची वेळच आली नाही, याचं तेव्हा वाईट वाटलं. नाही म्हटलं तर ते खोटं होईल. पुढं वय वाढलं तसं वाटायला लागलं की त्या रणगाड्यात बसलेलाही कोणाचा तरी जावई असणार. तेव्हा जे झालं ते बरं झालं.

जावयाचा विषय निघालाच आहे, तर आता मुद्द्यावर येतो.

माझे वडील रेल्वेत गँगमन. आमचं घर दुर्गच्या मोहन नगरात, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. कारखान्याची उभारणी सुरू झाली तेव्हा मी हेल्पर म्हणून लागलो आणि दोन-तीन वर्षांत क्रेन चालवायला शिकलो. क्रेनवाला वर केबिनमध्ये असतो, त्याला खालचं नीट दिसत नाही. खाली रिगर असतो. माल बांधायचा आणि हातांच्या खुणांनी क्रेनवाल्याला सांगायचं, हे रिगरचं काम. वरचा माणूस हात आणि खालचा माणूस डोळा, असा हा संसार असतो. माझा डोळा म्हणजे डोमाजी. आमच्याच भागातले, ठेंगणे, पांढरी टोपी, आणि जिभेला हाड नाही. वर मला त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही, पण त्यांच्या हाताला शिव्या देता यायच्या. नुसता कोपर असा उडवायचे की मला माझ्या सात पिढ्या आठवायच्या.

त्यांनी मला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे झोका मारणं. टांगलेला माल झुलायला लागला की नवखा क्रेनवाला घाबरतो आणि क्रेन उलट बाजूला ओढतो. त्यानं झोका वाढतो आणि खालची माणसं पळत सुटतात. जाणता क्रेनवाला झोक्याच्या मागं जातो. माल उजवीकडे गेला, क्रेनही उजवीकडे न्यायची, बरोबर मालाच्या डोक्यावर आणून उभी करायची. दोर सरळ झाला की झोका मरतो. डोमाजींनी हे माझ्या हातात इतकं घोटवलं की पुढं पुढं मला विचार करावा लागत नव्हता. माल जिकडे जाईल तिकडे माझा हात आधीच गेलेला असायचा.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत डोमाजींनी आपल्या मुलीचा विषय काढला. कमल सातवी शिकलेली होती आणि शिवणाची मशीन चालवायची. आमच्या घरी पसंती झाली, सोयरीक ठरली, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या क्रेनचं काम बिघडलं. कारण खाली उभे असलेले डोमाजी आता माझे मामाजी, म्हणजे सासरे, झाले होते. काल एका बोटानं मला नाचवणारा माणूस आज पूर्ण तळहात उघडून, किंचित वाकून, जणू मला पाटावर बसवतो आहे अशा खुणा करायला लागला. माल चुकीच्या जागी गेला तरी कोपर उडेना. 'तू' गेलं, 'तुमी' आलं. 'अबे वामन्या' गेलं, 'जवाईबापू' आलं. मामाजींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर जुने देव, उपास, नवस सगळं एका दिवसात सोडलं होतं, पण जावयाचा मान काही सुटला नाही. मी एकदा म्हणालोही की मामाजी, पूर्वीसारखं बोला. ते लाजून हसले आणि चहा घ्या म्हणाले.

चीनच्या लढाईनंतर दुर्गला भरती निघाली आणि मी फौजेत गेलो. वडिलांनी महिनाभर अबोला धरला. पहिल्या मोठ्या सुट्टीत आमचं लग्न झालं. नंतर काही वर्षांनी ही तारेची अस्त्रं आली आणि चालवणारे निवडायला परीक्षा झाली. पडद्यावर एक प्रकाशाचा ठिपका पळायचा, तो दांडीनं चित्रातल्या रणगाड्यावर न्यायचा. साहेबांनी माझा कागद वाचला आणि खूश झाले. भिलाईचा क्रेनवाला, म्हणजे तयार माल. माझं नावच तुकडीत 'भिलाई' पडलं.

तयार माल महिन्याभरात नासका निघाला. ठिपका शांत असला की माझ्यासारखा हात कोणाचा नव्हता. पण ठिपका जोरात भरकटला की माझा हात त्याच्या मागं जायचा. ठिपका उजवीकडे पळाला की मी दांडी उजवीकडे दाबायचो. क्रेनवर हेच बरोबर होतं. इथं त्याचा अर्थ, आधीच उजवीकडे चाललेल्या अस्त्राला आणखी उजवीकडे जा म्हणून सांगणं. शेकडो वेळा सराव केला, डोक्याला कळायचं, पण हाताला कळेना. आमचे उस्ताद गढवालचे हवालदार होते, कमी बोलणारे. त्यांनी एक दिवस डबा माझ्या हातातून काढून घेतला.

"भिलाई, तेरा हाथ उसको रोकता नहीं, उसके पीछे भागता है. छुट्टी काट के आ. लौट के हाथ ठीक दिखा, नहीं तो वापस राइफल कंपनी."

राइफल कंपनीत काही वाईट नव्हतं. पण पास झालो तर नाईकची फीत लागणार होती, आणि फीत लागली की फॅमिली क्वार्टरच्या यादीत नाव चढणार होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि कमल आणि मी एकत्र राहिलो ते फक्त सुट्ट्यांपुरतं. ती मोहन नगरात माझ्या आईवडिलांजवळ, मी कुठल्या तरी माळावर. सुट्टी संपताना ती स्टेशनवर माझ्या ट्रंकेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहायची. मला तो हात ठीक करायचाच होता.

दोन महिन्यांची सुट्टी घेऊन घरी आलो. सरावाचं यंत्र घरी नेता येत नाही आणि त्याबद्दल बोलताही येत नाही. मला हवं होतं असं काहीतरी जे माझ्यापासून लांब जाईल, आपल्या मनानं भरकटेल आणि तारेनं सांगितलेलं ऐकेल. दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी कमलच्या मशीनवर दोन रिळं फिरताना पाहिली आणि सुचलं. तार म्हणजे दोरा. अस्त्र म्हणजे माणूस. पण मागं न पाहता, कारण न विचारता वावरातून चालत राहील असा माणूस कोण देणार? कमल म्हणाली, बाबांना विचारा, त्यांना अशा कामांची सवय आहे.

मामाजी रुआबांध्याजवळच्या क्वार्टरमध्ये राहत होते आणि त्यांची तेव्हा सकाळची पाळी असायची. दुपारी आम्ही वावरात गेलो. मी त्यांना समजावलं.

"मामाजी, तुमी पुढं चालायचं, मागं पाहायचं नाई. उजवा दोरा ओढला का उजवीकडे वळायचं, डावा ओढला का डावीकडे. मधात मधात आपल्या मनानं कुठंही भटकायचं. तुमाले सरळ आणायचं काम माझं."

"आन मी जाऊन कुठं राहिलो?"

"थ्या म्हशीकडे."

मामाजींनी म्हशीकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, फौजेचं काम असेल तर करायलाच पाहिजे. उरलेलं त्यांनी विचारलं नाही. रशियन साहेबांबरोबर काम केलेला माणूस. अर्धं न समजता पूर्ण काम करायची त्यांना सवय होती.

तर अशी आमची कवायत सुरू झाली. पांढरी टोपी, पाठीवर लाल गमछा, तो माझा जाळ. दोन्ही मनगटांना दोरा. शंभरेक पावलं मागं, बांधावर मी. शेजारी कमल रिळं धरून. दोरा जोरात ओढला तर तुटतो, म्हणून बोट नुसतं हलवायचं. मामाजी रमतगमत निघायचे, मधेच उजवीकडे सरकायचे, मधेच डावीकडे, आणि मी त्यांना म्हशीवर आणायचो. म्हैस बिचारी गरीब होती. तिची मालकीण मात्र दुसऱ्याच दिवशी विचारायला आली. मामाजींनी तिला हिंदीत गंभीरपणे सांगितलं की डॉक्टरनं गुडघ्यांचा इलाज सांगितला आहे. त्याचा परिणाम असा झाला की तिसऱ्या दिवशी गुडघे दुखणारे दोन म्हातारे दोरा बांधून घ्यायला बांधावर येऊन बसले. एकाला मी खरंच दोन फेऱ्या मारून आणलं. त्याला गुण आला म्हणे.

आठ दिवसांत माझा हात सुधारला. मामाजी कसेही भरकटले तरी मी त्यांना रेषेवर आणत होतो. घरी जाताना मी सायकलवर शीळ घालायचो. मामाजी रोज म्हणायचे, "बराबर हाये जवाईबापू, भल्ला हात बसला तुमचा."

नवव्या दिवशी कमलनं रिळं खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू का? तुमी उजवा दोरा ओढून राहिले, आन बाबा डावीकडे जाऊन राहिले."

मी म्हणालो, काहीतरीच काय. ती म्हणाली की तिनं चार वेळा पाहिलं. मग मी मामाजींना पुन्हा पाठवलं आणि त्यांच्याकडे न पाहता माझ्या बोटांकडे पाहिलं. मामाजी उजवीकडे भरकटले. माझं उजवं बोट हललं. आणि समोर मामाजी, शांतपणे, कोणी न सांगता, डावीकडे वळून रेषेवर आले.

आठ दिवस मी चूक तीच करत होतो, आणि मामाजी ती झाकत होते. मी दोरा टाकून बांधावर बसलो. मामाजी मागं वळले, परत आले, माझा चेहरा पाहिला आणि टोपी सारखी करत उभे राहिले.

"मामाजी, तुमी कावून डावीकडे गेले?"

"आता तुमाले मले कुठं न्यायचं हाये ते मले समजत होतं ना," ते म्हणाले. "तुमचं बोट चुकलं, तं मी आपला गेलो. एवढ्या लोकाईत जवायाची चूक कशी दाखवू?"

राग यावा की हसावं, मला कळेना. चांगला रिगर क्रेनवाल्याची चूक खालच्या खाली सावरतो, आणि चांगला सासरा जावयाची. मामाजी दोन्ही होते, आणि त्या दोघांनी मिळून माझे आठ दिवस पाण्यात घातले होते. मी म्हणालो की मामाजी, मला जी वस्तू चालवायची आहे ती मी कोणाचा जावई आहे हे पाहत नाही. उजवीकडे ओढली की उजवीकडेच जाते. फौजेचं गुपित आयुष्यात मी एवढंच फोडलं असेल. तरी मामाजी नुसती मान हलवत राहिले, रिवाज सोडायला मन तयार होईना.

मग कमल बोलली. "बाबा, हे नापास झाले तं मी अजून मोहन नगरातच राहीन."

मामाजींनी डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना क्वचितच उघड्या डोक्यानं पाहिलं होतं. मधे पूर्ण टक्कल होतं. टोपी त्यांनी कमलच्या हातात दिली.

"हे धर. हे टोपीवाल्याचे जवाई हायेत. आता मी टोपीवाला नोहो."

बांधावरच्या गुडघेवाल्या म्हाताऱ्यांना त्यांनी घरी पाठवलं. दोरा मनगटांना स्वतः बांधला, रिगरच्या गाठीनं, आणि निघाले. चाल वेगळी होती. तीस-चाळीस पावलांवर ते उजवीकडे भरकटले. माझं बोट, मेलं, उजवंच हललं. मामाजी आणखी उजवीकडे वळले. मी घाबरलो आणि हाताला जी सवय होती तेच केलं, आणखी मागं गेलो, आणखी उजवं ओढलं. तिकडे म्हशींच्या लोळण्याचा डबरा होता. मामाजींना तो चांगला दिसत होता. तरी ते थांबले नाहीत. एक पाय, दुसरा पाय, मग गुडघ्यापर्यंत चिखल, मग पाय घसरला आणि मामाजी डबऱ्यात बसले. म्हैस उठून बाजूला झाली. मागं वळून न पाहताच त्यांनी आवाज दिला, आणि तो आवाज मी कारखान्यातल्या जुन्या दिवसांनंतर पहिल्यांदा ऐकला.

"अबे वामन्या, कोनाच्या मागं पळून राहिला बे? हा झोका नोहे. झोका आपोआप मरते, म्हनून त्याच्या मागं जा लागते. हे जितं जनावर हाये. थे आपल्या मनानं कधीच वापस येत नाई. भटकलं का वढून आन, मागं नोको जाऊ."

त्यापुढंही ते बरंच बोलले. माझ्या वडिलांच्या गँगमन असण्यापासून माझ्या डोळ्यांपर्यंत सगळं त्यात आलं, ते छापण्यासारखं नाही. कमलनं टोपी तोंडावर धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी बांधावर उभा होतो आणि सोयरीक झाल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. उस्तादांनी, साहेबांनी, पुस्तकानं जे महिनोन्‌महिने सांगितलं ते माझ्या हाताला पटलं नव्हतं. ज्या माणसानं ती सवय शिव्या घालून लावली, त्यानं शिव्या घालून काढली, तेव्हा पटलं.

उरलेली सुट्टी रोज दुपारी हाच कार्यक्रम. कमल टोपी चिंचेच्या फांदीला लटकवायची. टोपी फांदीवर असेपर्यंत मी वामन्या. मामाजी तिसऱ्या दिवशी बाभळीत शिरले, सातव्या दिवशी एका शेणाच्या ढिगात, आणि प्रत्येक वेळी मी ऐकून घेतलं. पुढं पुढं ते चिखलात जाईनासे झाले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मुद्दाम पळून, गिरक्या घेऊन, बसकण मारून पाहिलं, पण दोरा त्यांना म्हशीवर आणत होता. मग ते टोपी डोक्यावर ठेवायचे, कडा सारखी करायचे आणि म्हणायचे, "चला जवाईबापू, चहा घ्या." त्यानंतर कितीही विनवलं तरी 'तू' म्हणून तोंडातून निघायचं नाही.

खऱ्या अस्त्राची संधी वर्षातून एखाद्यालाच एकदा मिळायची, ते तेवढं महाग होतं. परत गेल्यावर पडद्यावरची परीक्षा मी पास झालो आणि ती संधी मला मिळाली. रेताड माळ, समोर लांबवर दोरानं ओढली जाणारी रणगाड्याच्या आकाराची लाकडी चौकट. मागं साहेब लोक दुर्बिणी घेऊन. अस्त्र सुटलं, वर उसळलं, मी त्याला हातात घेतलं. अर्ध्या वाटेवर वारा लागला आणि लाल जाळ उजवीकडे सरकला. माझं बोट उजवीकडे वळायला लागलं, हे मी शपथेवर सांगतो. इतक्या वर्षांची सवय. पण त्या लाल जाळाच्या जागी मला एकदम लाल गमछा दिसला, डबऱ्याच्या काठावर आलेला. मी दांडी डावीकडे केली, लगेच जरा उजवीकडे, मग मधे. जाळ चौकटीवर जाऊन बसला. लाकडाच्या ढलप्या उडाल्या आणि थोड्या वेळानं आवाज आला.

उस्ताद शेजारी येऊन बसले. हाथ किसने ठीक किया, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ससुरजी ने. त्यांना ती थट्टा वाटली आणि ते वर्षात पहिल्यांदा हसले. माळावर पसरलेली तार गुंडाळायला आम्ही निघालो, पण आसपासच्या गावातल्या बाया आमच्या आधी पोचल्या होत्या. त्या तारेला मिरच्या ओवून वाळवायच्या. इतक्या सफाईनं परदेशात बनवलेली तार, तिचा इतका चांगला उपयोग कारखानदारानंही कल्पिला नसेल.

हे सगळं पत्रात लिहिता येत नव्हतं. 'तब्येत ठीक आहे, कमलचं सामान बांधून ठेवा' एवढंच लिहिलं. फीत लागली, यादीत नाव चढलं, काही महिन्यांनी क्वार्टरचा नंबर आला आणि मी कमलला न्यायला दुर्गला आलो. मामाजी स्टेशनवर आले होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. गाडी अजून थांबली नव्हती, मी दारात उभा. एवढ्या गर्दीत आणि आवाजात काय सांगणार? मग मला आमची जुनी खूण आठवली. माल टेकून दोर ढिला झाला की वर केबिनमधून मी करायचो ती. दोन्ही हात छातीपुढं, एकावर एक पालथे. माल जागेवर बसला.

मामाजी थबकले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, छत्री पिशवीवर ठेवली, आणि भर फलाटावर, माणसं धक्के मारत असताना, दोन्ही हात वर करून मुठी उघडल्या. हूक सोड. कारखान्यात ही खूण मी हजारदा पाहिली होती. त्या दिवशी ती पाहून माझे डोळे भरून आले, कारण सोडायचं होतं ते त्यांनाच, त्यांची मुलगी दूर चालली होती.

मी उतरलो. ते पुढं आले आणि वाकून म्हणाले, "थकले असान, जवाईबापू."

"मामाजी," मी म्हणालो, "आज एक डाव वामन्या म्हना."

त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. मग हळूच टोपी काढली, काखेत धरली आणि माझ्या पाठीत एक रट्टा घातला.

"चाल बे वामन्या. कोंबडा थंडा होऊन राहिला."